शून्य ते शंभर: मुंबईतल्या एका ऑडी टीटीच्या पिकअपच्या नोंदी

या नोंदी २०१६ सालच्या ऑडी टीटी ४५ टीएफएसआय क्वाट्रो या दोन दारांच्या कूपेच्या आहेत. गाडी मी जुनी घेतली तेव्हा ती एकेचाळीस हजार किलोमीटर चालली होती. १९८४ सीसीचे टर्बो पेट्रोल इंजिन, २३० अश्वशक्ती, ३७० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर), सहा गिअरचा दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स आणि चारही चाकांना ताकद, अशी तिची रचना आहे. शून्यापासून ताशी १०० किलोमीटर वेग गाठायला ५.३ सेकंद, हा कंपनीने प्रसिद्ध केलेला आकडा. भारतात ही पिढी २०१५ मध्ये आली, तेव्हा तिची किंमत साठ लाखांच्या वर होती. आज जुन्या बाजारात ती बऱ्याच कमी पैशांत मिळते, आणि ती घेणाऱ्यांपैकी मला भेटलेले बहुतेक मालक काही महिन्यांतच एकच गोष्ट सांगतात, की कागदावरचा आकडा मोठा आहे, पण सिग्नलवरून निघताना तो अंगाला जाणवत नाही. ही तक्रार कितपत खरी आहे, खरी असेल तर पिकअप नेमके कुठे अडकते आणि ते मिळवायला किती पैसे व वेळ लागतो, एवढाच या कामाचा हेतू होता. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये हंगेरीतल्या ग्योर येथील कारखान्यात शेवटची टीटी तयार झाली, त्यामुळे यापुढे आहेत त्याच गाड्या नीट करून चालवाव्या लागणार आहेत. ज्यांना हे काम करायचे आहे त्यांच्यासाठी हे लिहून ठेवले आहे.

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार

दसऱ्याची पूजा आटोपल्यावर सर्व्हिसच्या बिलांची फाइल घेऊन बसलो. इंजिन ऑइल दर वर्षी बदललेले आहे, ब्रेक ऑइल आणि एअर फिल्टर वेळेवर झाले आहेत. प्लग मूळचेच दिसतात. गिअरबॉक्सचे ऑइल साठ हजार किलोमीटरला बदलायचे असते, त्याला अजून अवकाश आहे. मागच्या चाकांकडे ताकद पोहोचवणाऱ्या कपलिंगच्या ऑइलचा मात्र एकाही बिलात उल्लेख नाही. या कपलिंगचे ऑइल साधारण तीन वर्षांनी बदलावे लागते, आणि वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत किलोमीटरकडे बघून सर्व्हिस होते, वर्षे मोजली जात नाहीत. हा मुद्दा लाल पेनाने लिहून ठेवला. मात्र काहीही उघडण्यापूर्वी गाडी आज आहे तशी मोजायची असे ठरवले, कारण आधीचा आकडा हाताशी नसेल तर नंतरच्या सुधारणेला काही अर्थ राहत नाही.

१९ ऑक्टोबर

मोजमापाचे साधन ठरवण्यातच पहिला आठवडा गेला. मोबाइलच्या ॲपवर विसंबून चालत नाही, हे एका संध्याकाळीच स्पष्ट झाले. फोन उपग्रहाकडून सेकंदाला साधारण एकदाच स्थान घेतो. जी घटना पाच-सहा सेकंदांत संपते तिच्यात त्यामुळे जवळजवळ सेकंदभराची तफावत पडते, आणि तीच गाडी तशीच चालवूनही दर वेळी निराळा आकडा येतो.

स्पीडोमीटरचे चित्रीकरण करून घड्याळ लावणे हा दुसरा प्रचलित मार्ग. तोही फसवा आहे. स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवता कामा नये, जास्त दाखवण्याची मुभा मात्र दहा टक्के अधिक ताशी चार किलोमीटर इतकी आहे, असा आर ३९ हा आंतरराष्ट्रीय नियम सांगतो, आणि साहजिकच स्पीडोमीटर थोडे चढेच दाखवतात. माझ्या गाडीत पडद्यावर ८० दिसत असताना खरा वेग ७६ निघाला. याच प्रमाणात १०० चा आकडा दिसतो तेव्हा गाडी ९५ वर असते, आणि शेवटच्या त्या पाच किलोमीटरचा सुमारे एक तृतीयांश सेकंद फुकट वाचतो. इंटरनेटवर मालकांनी टाकलेल्या अनेक आकड्यांचे रहस्य एवढेच आहे, आणि ते पाहून अपेक्षा वाढवून घेतलेल्या माणसाची पुढे निराशा होते.

शेवटी सेकंदाला दहा नोंदी घेणारे उपग्रहाधारित उपकरण अठरा हजार पाचशे रुपयांना घेतले. त्यात रोलआउट नावाची एक सोय आहे: गाडी पहिला फूटभर पुढे सरकली की मगच घड्याळ सुरू होते. अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींच्या परंपरेतून आलेली ही पद्धत आहे आणि तिने दोन-तीन दशांश सेकंद कमी दिसतात. ती बंद ठेवली. पुढचे सगळे आकडे, वेगळे सांगितलेले नसेल तिथे, गाडी पूर्ण थांबलेल्या स्थितीपासूनचे आहेत.

२७ ऑक्टोबर

मुंबईत शून्य ते शंभर मोजायला रस्ता नाही, हे आधीच सांगायला हवे. कोस्टल रोडवर सरळ भागात ८० ची मर्यादा आहे, बोगद्यात ६० ची आणि वळणावर ४० ची. सी लिंकवरही ८० आहे. अटल सेतूवर मोटारींना १०० ची परवानगी आहे, पण तिथे थांबायला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. सार्वजनिक रस्त्यावर उभ्या गाडीतून पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून निघणे हा दुसऱ्यांच्या जिवाशी खेळ आहे. त्या आकड्याची काही किंमत नाही.

म्हणून दोन मापे ठरवली. पहिले बंद धावपट्टीवर, शून्य ते शंभर. दुसरे अटल सेतूवर, पहाटे मोकळ्या लेनमध्ये, ६० ते ९०. मर्यादेच्या आत राहायला दहा किलोमीटरची मोकळीक ठेवून. दुसरे माप मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण ट्रक ओलांडताना किंवा रॅम्पवरून मुख्य प्रवाहात शिरताना याच पट्ट्यात गाडीचा खरा उपयोग होतो.

आज शिवडीच्या बाजूने निघून दुसरे माप घेतले. गिअर डी वर (रोजच्या साध्या स्वयंचलित स्थितीत) ठेवून ६० च्या स्थिर वेगावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, आणि दाबल्या क्षणापासून ९० पर्यंत ३.४ सेकंद लागले. त्यातला पाऊण सेकंदाच्या वरचा वेळ गाडी काहीच करत नाही: गिअरबॉक्स सहाव्यातून खाली उतरतो, टर्बोचा दाब वाढतो, आणि मगच पाठीला धक्का जाणवतो. टोल एका बाजूचा २५० रुपये.

९ नोव्हेंबर

घाटावरच्या एका खासगी धावपट्टीवर मोटारप्रेमींच्या एका गटाने रीतसर परवानगी घेऊन, रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची व्यवस्था ठेवून चाचण्यांचा दिवस ठेवला होता. शुल्क साडेसात हजार, हेल्मेट सक्तीचे. धावपट्टीची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ६०० मीटर, म्हणजे हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण सात टक्क्यांनी कमी. तापमान ३१ अंश. टाकी अर्धी, गाडीत मी एकटा.

लाँच कंट्रोलची, म्हणजे उभ्या गाडीतून पूर्ण जोराने निघण्याच्या सोयीची, पद्धत हस्तपुस्तिकेप्रमाणे पाळली: गिअर एस (स्पोर्ट) वर, स्थिरता-नियंत्रण स्पोर्टवर, डाव्या पायाने ब्रेक घट्ट, उजव्याने ॲक्सिलरेटर तळापर्यंत, आणि इंजिनचे आर.पी.एम. स्थिर झाले की ब्रेक एकदम सोडायचा. उत्तम वेळ ६.९ सेकंद आली. बाकीच्या सात सेकंदांच्या पुढे.

आकड्यापेक्षा गाडी ज्या रीतीने निघाली ते अधिक बोलके होते. धावपट्टीच्या कडेला उभा राहून आतेभाऊ चाकांचे चित्रीकरण करत होता. परत आल्यावर त्याने फोन पुढे धरला आणि म्हणाला, “दादा, मागची चाकं नुसती ओढली जातायत. धूर काढतायत ती पुढचीच.” चित्रीकरण सावकाश करून पाहिले तेव्हा पुढची दोन्ही चाके पहिल्या पंधरा-वीस मीटरांत जागीच भरकन फिरत होती आणि मागची निमूटपणे मागून येत होती. डांबरावर रबराच्या काळ्या रेघा दोनच उमटल्या होत्या. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत असे होता कामा नये. डॅशबोर्डवर एकही इशाऱ्याचा दिवा नव्हता आणि गाडीच्या संगणकातल्या नोंदी वाचणारा ॲडॉप्टर लावून पाहिले तरी एकही दोष नोंदलेला नव्हता.

१६ नोव्हेंबर

गाडी गोरेगावच्या गॅरेजमध्ये लिफ्टवर घेतली. या कामाचा गाभा हाच आहे, म्हणून तपशिलाने लिहितो.

इंजिनची ताकद नेहमी पुढच्या चाकांना मिळते. मागच्या चाकांना ती मागच्या डिफरन्शियलला (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीला) जोडलेल्या हॅल्डेक्स पद्धतीच्या कपलिंगमधून जाते. तिच्या आत क्लचच्या पातळ चकत्यांचा जुडगा तेलात बुडलेला असतो, आणि एक लहान विजेवरचा पंप तेलाचा दाब निर्माण करून त्या चकत्या एकमेकींवर दाबतो. दाब जितका जास्त, तितकी ताकद मागे. चकत्या घासून जी बारीक भुकटी सुटते ती तेलात मिसळते. या कपलिंगच्या चौथ्या पिढीत ती अडवायला बदलता येणारा फिल्टर होता. पाचव्या पिढीत, म्हणजे माझ्या गाडीत, तो नाही; पंपाच्या तोंडाशी फक्त एक बारीक जाळी आहे. ऑइल वेळेवर बदलले नाही तर भुकटी त्या जाळीवर बसते, पंपाला तेल मिळत नाही आणि दाब तयार होत नाही. दाब थेट मोजणारा सेन्सर या रचनेत नाही, म्हणून पंप फिरत राहतो तोवर गाडीला काही बिघडल्याचे कळतच नाही. नुसता ऑइल बदलून उपयोग होत नाही, तोही याच कारणाने: जाळी पंपामागे असते, आणि पंप काढल्याशिवाय ती दिसत नाही.

ऑइल काढले ते मधाच्या रंगाचे असायला हवे होते, आले काळपट करडे. दोन बोल्ट सोडवून मेकॅनिकने पंप बाहेर ओढला. जाळी पंपाच्या टोकाला गळपट्टीसारखी बसलेली असते. तिच्यावर सहाणेवर उगाळलेल्या गंधासारखा दाट करडा लेप होता, आणि तो बोटाने बाजूला केल्यावरच खाली जाळी आहे हे दिसले. मेकॅनिक म्हणाले, “साहेब, पंप जळाला नाही हे नशीब समजा. अजून एक पावसाळा गेला असता तर पंपच नवा घ्यावा लागला असता.” पंपाला बाहेरून वीज देऊन पाहिली, तो नीट फिरला. जाळी ब्रेक क्लीनरने धुतली, उलट बाजूने हवा मारली आणि उजेडासमोर धरून प्रत्येक छिद्र मोकळे झाल्याची खात्री केली. पंपाच्या खोबणीत साठलेला गाळ कापडाने पुसून काढला.

इथेच काम अडले. मागवलेल्या सामानात पंपाच्या सीलऐवजी चौथ्या पिढीचा फिल्टर संच आला, जो या गाडीत बसायला जागाच नाही. दुकानदाराने तो परत घेतला नाही. दोन हजार चारशे रुपये गेले. जुनी सील पुन्हा बसवण्याचा मोह टाळला, कारण तिथून ऑइल झिरपले तर सगळी मेहनत वाया जाते. सामान मागवताना गाडीचे नाव आणि साल सांगून भागत नाही. चासी नंबर द्यावा आणि कपलिंग पाचव्या पिढीचे आहे हे स्पष्ट लिहून कळवावे.

२३ नोव्हेंबर

सील यायला आठवडा लागला, त्यात २० तारखेला विधानसभेच्या मतदानामुळे गॅरेज बंद होते. आज पंप बसवला. नवे ऑइल वरच्या भोकातून, गाडी पूर्ण समपातळीत ठेवून, ते भोकातून बाहेर ओघळू लागेपर्यंत भरले. पाऊण लिटरच्या आसपास लागले. मग ॲडॉप्टरवरून पंप चालवून पाहिला, आतली हवा निघाल्यावर पातळी खाली गेली, आणि पुन्हा थोडे घालावे लागले. ही दुसऱ्यांदा भरण्याची पायरी बरेच जण गाळतात. ऑइल तीन हजार दोनशे, सील अकराशे, मजुरी साडेचार हजार.

फरक धावपट्टीपर्यंत जाण्याआधीच कळला. आमच्या सोसायटीच्या तळघरातून वर येणारा रॅम्प गाड्या धुतल्यावर ओला असतो, आणि मध्यावर थांबून पुन्हा निघताना पुढची चाके दर वेळी घसरत. आज त्याच जागी, तितक्याच ओल्या फरशीवर, गाडी घसरली नाही. एक हलका दणका मागून आला आणि ती सरळ वर चढली.

३० नोव्हेंबर

टायर. २४५/४० आर १८ मापाचे चारही टायर दिसायला ठीक होते, खाचाही चार मिलिमीटरच्या होत्या. पण बाजूच्या भिंतीवरच्या शेवटच्या चार अंकांत २२१७ होते, म्हणजे २०१७ सालच्या बाविसाव्या आठवड्यात तयार झालेले. सात वर्षांचे रबर मुंबईच्या उन्हात कडक होते. नखाने दाबले तर वळ उठत नव्हता. कमी चालणाऱ्या गाड्यांत हेच घडते, आणि खाच शिल्लक आहे म्हणून मालक टायर बदलत नाहीत.

दोनच बदलून पैसे वाचवण्याचा सल्ला मिळाला, तो मानला नाही. चारही चाकांना ताकद असलेल्या गाडीत पुढच्या-मागच्या टायरच्या घेरात फरक पडला तर कपलिंगला सतत काम करत राहावे लागते, आणि नुकतेच साफ केलेले तेल पुन्हा भुकटीने भरते. चार टायरांचे चौऱ्याहत्तर हजार, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग साडेतीन हजार. हवा दारावरच्या तक्त्याप्रमाणे, टायर थंड असताना, सकाळी भरावी; पेट्रोल पंपावर पोहोचेपर्यंत तापलेल्या टायरात भरलेली हवा नंतर कमी निघते.

८ डिसेंबर

पेट्रोल आणि प्लग. ॲडॉप्टरवर इंजिनचे आकडे उतरवून पाहिले. साध्या पेट्रोलवर पूर्ण भार असताना दोन सिलिंडरमध्ये ठिणगी पाच-सहा अंशांनी मागे जात होती, म्हणजे उशिरा पडत होती: पेट्रोल वेळेआधी पेट घेत असल्याचे नॉक सेन्सरने ओळखले की इंजिन स्वतःला वाचवायला हे करते, आणि त्यात ताकद जाते. प्लग बदलले, सहा हजार चारशे आणि मजुरी बाराशे. जुन्या प्लगांच्या टोकांमधले अंतर झिजून वाढलेले होते. त्यानंतर मागे जाणे चार अंशांवर आले. मग टाकी जवळजवळ रिकामी करून १०० ऑक्टेनचे (ऑक्टेन जितका जास्त, तितके पेट्रोल वेळेआधी पेट घेत नाही) पेट्रोल भरले, जे इंडियन ऑइलने मुंबईसह काही शहरांत डिसेंबर २०२० पासून आणले. त्यावर ते दोन अंशांच्या आत आले.

सेतूवर मात्र ६० ते ९० मध्ये दोन्ही पेट्रोलांत एक दशांश सेकंदाहून थोडा अधिक फरक पडला, तेवढाच. साधे पेट्रोल १०३ रुपयांच्या पुढे आणि हे १६० च्या आसपास. ५५ लिटरच्या टाकीमागे तीन हजारांहून अधिक जादा. रोजच्या वापरात मला हे पटत नाही. ९५ ऑक्टेनचे भरावे. शंभरचे धावपट्टीच्या दिवशी.

खरा चोर उष्णता आहे. माहीमच्या सिग्नलवर उभे असताना इंजिनात शिरणाऱ्या हवेचे तापमान ६२ अंश दिसले, आणि पुलावर वेग घेतल्यावर ते काही मिनिटांत बाहेरच्या हवेपेक्षा दहा-बारा अंशच जास्त राहिले. हवा २० वरून ३५ अंशांवर गेली तरी तिची घनता सुमारे पाच टक्क्यांनी घटते; पावसाळ्याच्या तोंडाशी तिच्यात बाष्प मिसळते आणि प्राणवायूचा वाटा आणखी कमी होतो. वाहतुकीत अर्धा तास रांगत आल्यावर मोकळा रस्ता मिळताच ॲक्सिलरेटर दाबून गाडीची परीक्षा घेणारा मालक तिची सर्वांत वाईट अवस्था मोजत असतो.

१४ डिसेंबर

टर्बोचा दाब मागणीपेक्षा किंचित कमी राहत होता म्हणून धुराची चाचणी केली, म्हणजे नळ्यांत धूर सोडून गळती शोधली. एका बारीक रबरी नळीतून धूर आला; उंदरांनी कुरतडलेली होती. तळघरात गाडी ठेवणाऱ्यांनी बॉनेट महिन्यातून एकदा तरी उघडून पाहावे. नळी आणि चाचणी मिळून तीन हजार चारशे.

२२ डिसेंबर

पुन्हा तीच धावपट्टी, तेच शुल्क. सकाळी साडेसातला १६ अंश. अर्धी टाकी, मी एकटा.

पहिल्याच धावेत फरक दिसला. ब्रेक सोडताच गाडीचे नाक उचलले गेले, चारही चाकांनी एकदम पकड घेतली आणि टायरांचा क्षणभरच आवाज झाला. उत्तम वेळ ५.७ सेकंद. धावपट्टीला अगदी किंचित उतार आहे, म्हणून उलट दिशेनेही धाव घेतली. दोन्ही दिशांची सरासरी ५.८. रोलआउट लावून ५.७ ची तीच धाव ५.४ दाखवते, यावरून त्या एका सोयीने केवढा फरक पडतो हे ध्यानात येईल. पाठोपाठ धावा घेतल्या तर वेळ वाढत जाते. बॉनेट उघडून दहा-पंधरा मिनिटे थांबले की पूर्ववत होते. आतेभाऊ शेजारी बसला आणि टाकी भरली तेव्हा ५.९ च्या पुढे गेले. गाडीचे वजन १३३५ किलोच्या घरात आहे. एक माणूस आणि अर्ध्या टाकीचे पेट्रोल मिळून नव्वदएक किलो वाढले की ते घड्याळात दिसतेच.

नोव्हेंबरच्या ६.९ शी याची सरळ तुलना करू नये, कारण तेव्हा पंधरा अंश जास्त होते. म्हणून दुपारी २९ अंश झाल्यावर पुन्हा मोजले, आणि ५.९ आले. हवामानाचा वाटा एवढाच. उरलेला पूर्ण एक सेकंद कपलिंग, टायर, प्लग आणि नळी यांचा आहे, आणि पहिल्या वीस मीटरांचे चित्रीकरण पाहता त्यातला सर्वांत मोठा हिस्सा पहिल्या दोहोंचा आहे, यात मला शंका नाही. आठ वर्षांची गाडी, ६०० मीटर उंचीवर, प्रसिद्ध आकड्याच्या अर्ध्या सेकंदाच्या आत येते, तेव्हा त्या आकड्याला मी खरा म्हणतो.

त्याच सकाळी एक फोर्ड मस्टँग जीटीही आली होती. भारतात २०१६ साली आलेल्या त्या गाडीत पाच लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन, ४०१ अश्वशक्ती आणि ५१५ न्यूटन मीटर टॉर्क, पण ताकद फक्त मागच्या चाकांना आणि वजन टीटीपेक्षा कितीतरी जास्त. सुरुवातीच्या तीसेक मीटरांत ती टीटीच्या मागे राहिली, आणि पट्टीच्या शेवटी आरामात पुढे गेली. तिच्या मालकाला शेवटच्या भागाची अपेक्षा असते आणि ती पूर्ण होते. मुंबईत मात्र तो भाग त्याला कुठेच वापरता येत नाही.

५ जानेवारी २०२५

अटल सेतू, पहाटे, ६० ते ९०. डी मध्ये २.९ सेकंद, आधी ३.४ होते. एस मध्ये २.५. पॅडलने (स्टिअरिंगमागच्या गिअर बदलण्याच्या पट्टीने) आधीच खालचा गिअर घेऊन मग ॲक्सिलरेटर दाबला तर २.१.

मालकांच्या तक्रारीचे उत्तर या तीन आकड्यांत आहे. डी आणि पॅडल यांत आठ दशांश सेकंदांचा फरक आहे, आणि त्या वेळात गाडीत ताकद असूनही ती चाकांपर्यंत आलेली नसते. डी मध्ये गिअरबॉक्स पेट्रोल वाचवायला शक्य तितका वरचा गिअर धरून ठेवतो, आणि पश्चिम द्रुतगती मार्गावर ५० च्या वेगाने गाडी पाचव्या-सहाव्या गिअरमध्ये हजार-बाराशे आर.पी.एम.वर चालत असते. तिथून ॲक्सिलरेटर दाबणाऱ्याला ढिलाई जाणवणारच. या इंजिनाचा पूर्ण टॉर्क १६०० आर.पी.एम.पासून पुढे मिळतो. ओलांडायचे ठरवले की आधी डाव्या पॅडलने दोन गिअर खाली यावे, मग दाबावे. याला पैसा लागत नाही, आठवडाभराची सवय लागते. कपलिंग किंवा टायर बदलण्यापूर्वीही हे करून पाहण्यासारखे आहे, आणि ज्यांची तक्रार फक्त चालत्या गाडीतल्या पिकअपची आहे, त्यांची बहुधा इथेच मिटेल.

१८ जानेवारी

इंजिनचे सॉफ्टवेअर बदलून साठ-सत्तर अश्वशक्ती वाढवून देण्याचा प्रस्ताव आला. नाकारला. ज्या गाडीचे कपलिंग नुकतेच वाचले आहे तिच्यावर आणि गिअरबॉक्सच्या क्लचवर आणखी भार टाकण्याचे मला कारण दिसत नाही. विमा कंपनीला न कळवता असा बदल केला तर अपघातानंतर दावा अडकू शकतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतील बदलांवर बंधने आहेत, हेही लक्षात घ्यावे. शिवाय जी ताकद आधीपासून आहे ती सात वर्षांच्या टायरवर आणि तुंबलेल्या जाळीमागे अडकलेली असताना नवी ताकद विकत घेणे हे उलटे काम आहे. हे मी आतेभावालाही बजावले, कारण प्रस्ताव त्याच्याच ओळखीतून आला होता.

२ फेब्रुवारी

खर्चाची बेरीज: उपकरण १८,५००, धावपट्टी १५,०००, कपलिंग चुकीच्या फिल्टरसह ११,२००, टायर ७७,५००, प्लग ७,६००, नळी ३,४००. एकूण १,३३,२००, पेट्रोल आणि टोल वेगळे. टायर एरवीही घ्यावेच लागले असते. उपकरण गटात वाटून घेता येते. माझे सध्या दुसऱ्या एका टीटी मालकाकडे आहे.

पुन्हा करायचे झाले तर पॅडलची सवय, मग टायरवरचे चार अंक, मग कपलिंग या क्रमाने जाईन, आणि कपलिंगचे काम गॅरेजला देताना पंप काढून जाळी समोर दाखवण्याची अट आधी घालीन, कारण केवळ ऑइल बदलून बिल देणारी गॅरेजे आहेत. जाळीची छायाचित्रे आधीची आणि नंतरची दोन्ही काढून ठेवावीत, गाडी विकताना उपयोगी पडतात. माझ्या गाडीच्या कपलिंगचे पुढचे ऑइल किलोमीटर कितीही झाले तरी नोव्हेंबर २०२६ मध्ये, म्हणजे तीनऐवजी दोन वर्षांनी बदलायचे असे ठरवले आहे. धावपट्टीवर जाणाऱ्या गाडीत भुकटी लवकर साठते, आणि हजारो रुपयांचा पंप वाचवायला चार-साडेचार हजारांची मजुरी जास्त नाही. गिअरबॉक्सचे ऑइलही साठ हजारांची वाट न पाहता त्याच वेळी होईल.